कडी धरली की बाही सरकते

बाळा,

आजीच्या हातावरचं तुळशीवृंदावन तुला मनगटावर गोंदवून घ्यायचंय आणि पुढच्या महिन्यात फोर्टातल्या बँकेत रुजूही व्हायचंय. आधी काय? आधी नोकरी. दोन-तीन महिने काउंटरवर बस, समोर कसली माणसं येतात ते बघ, मग सुई.

मी काही याच्या विरोधात नाही. माझ्या आजीच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण होतं. मेल्यावर सोबत येणारा दागिना तो एवढाच, असं ती म्हणायची. पोरांचे कान सोनाराकडून टोचून घेताना कुणाच्या पोटात दुखत नाही. आमच्या ऑफिसात एक साहेब सणाला भिकबाळी घालून यायचे, त्यांचं केवढं कौतुक! त्याच मजल्यावर भुवईत बारीक रिंग घातलेल्या पोरीला मात्र "इथे क्लायंट येतात" म्हणून सुनावलं गेलं. भोक दोघांनीही पाडलेलंच होतं की.

आणि मीही धुतल्या तांदळाची नाही. एचआरमध्ये असताना एक मुलगा मुलाखतीला आला, मानेवर टॅटू. उत्तरं चोख. मी शेरा मारला, 'प्रेझेंटेशन कमी'. खरं कारण ती मान. त्याला ते कधीच कळलं नसणार. तुलाही कळणार नाही, कारण असं कारण कुणी कागदावर लिहीत नाही. म्हणून बँकेचे ग्रूमिंगचे नियम रुजू होण्याआधीच मागून घे. लेखी नसले तर तिथल्या एखाद्या जुन्या माणसाला चहाला ने.

तुझा धाकटा भाऊ सीआयएसएफचा फॉर्म भरतोय ना? तिथे सगळं मोजूनमापून. केंद्रीय दलांत गोंदण चालतं ते डाव्या हाताच्या कोपराखाली आतल्या बाजूला किंवा पंज्याच्या पाठीवर, तेही त्या भागाच्या १/४ पेक्षा लहान. उजव्या हाताने सॅल्यूट करायचा असतो, तो कोरा ठेवायला सांग. मग लेझरने काढू, असं म्हणू नये. बऱ्याच बैठका लागतात, काळा रंग तरी जातो, हिरवा-पिवळा चिवट. शिवाय आपल्या सावळ्या कातडीवर पांढरट डाग राहू शकतो.

तू मात्र मनगट सोड, दंडावर घे. फुल शर्टाच्या भरवशावर राहू नकोस. गाडीत वरची कडी धरली की बाही कोपरापर्यंत सरकते, आणि दादरला शेजारी नेमका तुझाच मॅनेजर चढतो. टॅटू गोंदवल्यावर १२ महिने रक्त देता येत नाही, तेव्हा ऑफिसच्या शिबिरात उगाच नाव देऊ नकोस.

जाशील तेव्हा सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडायला लाव. आणि आजीच्या हाताचा जवळून काढलेला फोटो ने, नाहीतर गोंदणारा त्याच्या मोबाइलमधलं कुठलंतरी वृंदावन काढून देईल.

तुझी,
मावशी