कोपरा धरावा की बांधावा?

प्रश्न बेळगावातून, शहापुरातून आला आहे. विचारणारे गो हा काळ्या-पांढऱ्या खड्यांनी जागा घेरायचा पटावरचा खेळ मोबाइलवर शिकले. आता गल्लीतल्या पोरांना मराठीतून शिकवायला बसले की शब्दांपाशी अडतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : “पहिली चाल कोपऱ्यात चालायची, असं मी सांगतो. पोरं म्हणतात, चालायचं काय? हे तर हलतच नाही की! मग चाल म्हणू की खेळी? कोपरा धरणे, मांडणे, बांधणे, यांतलं बरोबर कुठलं? जोसेकीला, म्हणजे कोपऱ्यातल्या ठरलेल्या खेळ्यांना, मराठी शब्द आहे का? आणि जाता जाता, नवख्यानं कोपऱ्यात पहिला खडा ठेवावा तरी कुठं?”

पोरांचं बरोबर आहे. बुद्धिबळात प्यादं चालतं, उंट तिरका चालतो, म्हणून तिथं ‘चाल’ शोभते. गोमध्ये एकदा ठेवलेला खडा जागचा हलत नाही. चारी बाजूंनी कोंडला गेला तर उचलला जातो, एवढंच. तेव्हा ‘खेळी’ म्हणा आणि क्रियापद ‘ठेवणे’ घ्या. तुम्ही ‘खडा’ म्हणता ते मात्र फार चांगलं करता. सोंगटी म्हटलं की आपल्याला कॅरम आठवतो, गोटी म्हटलं की घरंगळणारी काचेची गोटी. नवकंकरीतल्या कंकरीसारखा हा खडाच आहे, आणि जपानीतही त्याला दगडच म्हणतात. शिवाय ‘खडा टाकून पाहणे’ हा वाक्प्रचार आपसूक हाताशी येतो. समोरचा काय उत्तर देतो हे अजमावायला त्याच्या मुलखात एखादा खडा टाकायचा, ही गोमधली नेहमीची युक्ती आहे. (बेळगावच्या खडेबाजाराशी याचं नातं जोडायला कुणी जाऊ नये.)

तुमच्या पत्रात एके ठिकाणी ‘खडा घरात ठेवला’ असं आहे, ते तेवढं बदला. बुद्धिबळाचं घर म्हणजे चौकोन. गोमध्ये खडा रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं बसतो, आपल्या वाघ-बकरीत किंवा कन्नडातल्या आडु-हुलीत बसतो तसा. पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघा, म्हणजे अशा ३६१ जागा. त्यांना ‘फुली’ म्हणता येईल. शिकवायला मला याहून सोयीची वाटते ती रस्त्यांची भाषा. पटाच्या मध्यावरची जागा म्हणजे चौफुली, तिथल्या खड्याला मोकळ्या वाटा चार. काठावरची जागा म्हणजे तिकटी, वाटा तीन. अगदी टोकाला दोनच. ‘तिकटी’ हा शब्द कोल्हापूरच्या मिरजकर तिकटीमुळे आपल्या भागात सगळ्यांच्या तोंडी आहे, पोरांना समजावून सांगावा लागणार नाही. खडा कधी कोंडला जातो हेही यातून कळतं : सगळ्या वाटा बंद झाल्या की.

‘घर’ शब्द टाकून मात्र देऊ नका. डाव संपल्यावर कुणी किती जागा घेरली हे मोजतात, ते कोरियन लोक ‘जिप’मध्ये मोजतात, आणि जिप म्हणजे घरच. ‘पांढऱ्याची सात घरं जास्त झाली’ हे मराठीतही सरळ वाटतं.

आता कोपरा. ‘कोन’ भूमितीचा, ‘कोनाडा’ भिंतीतला, दिवा ठेवायचा. तेव्हा ‘कोपरा’च, यात वाद नको. खरी मजा क्रियापदांत आहे, कारण मराठीतली क्रियापदं नीट निवडली की खेळच समजतो. रिकाम्या कोपऱ्यात पहिला खडा ठेवला, की ‘कोपरा धरला’. (‘कोपरा धरून बसला’ म्हणू नका, तो रुसलेला माणूस होतो.) तिथंच जवळ दुसरा खडा ठेवून जागा पक्की केली, की ‘कोपरा बांधला’, जपानीत याला शिमारी म्हणतात. समोरच्यानं तुम्हाला बांधू न देता बाहेरून जवळ खडा आणला, तर तो ‘कोपऱ्याला भिडला’, ती काकारी. आणि थेट आत उतरला तर ‘कोपऱ्यात शिरला’. तुम्ही सुचवलेलं ‘मांडणे’ यातल्या कशालाच लागू पडत नाही. मांडतात ते डाव सुरू होण्याआधी, आणि गोचा पट सुरुवातीला मोकळाच असतो.

धरा, मग बांधा किंवा भिडा, मग काठानं पसरा, मध्याकडे शेवटी जा, असा साधारण क्रम आहे. त्यामागचं कारण शेतकऱ्याच्या घरात लगेच पटेल : शेताच्या कोपऱ्यात दोन बाजूंना बांध आयताच असतो, कुंपण दोनच बाजूंना घालावं लागतं. काठाला तीन बाजूंना, मध्यावर चारी. तेवढीच जागा घेरायला कोपऱ्यात खडे कमी लागतात.

खडा नेमका कुठं, हे सांगायला आपण काठापासून रेघा मोजतो. काठाची रेघ ती पहिली. आणि इथं मराठी चांगलीच आडवी येते. ‘खडा तीन-चारवर ठेव’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, तीन किंवा चार, अदमासे. ‘तीन-तीनवर ठेव’ म्हटलं तर प्रत्येकी तीन वाटल्यासारखं होतं. माझा उपाय कुणाला चावट वाटेल, पण पत्त्यांची नावं वापरून बघा : तिर्री-चौकी, तिर्री-तिर्री, पंजी-तिर्री. पत्ते कुटणाऱ्या पोरांना ही नावं पाठ असतात आणि त्यांत गोंधळाला जागा नाही. चौथ्या रेघांच्या छेदाला तर वेगळं नाव आहेच. पटावर ठळक ठिपक्याच्या नऊ जागा असतात, त्यांना जपानीत ‘होशी’ म्हणजे तारा म्हणतात. आपण ‘चांदणी’ म्हणू. चार कोपऱ्यांत चार चांदण्या.

तुमचा सल्ल्याचा प्रश्न याच नावांनी सोडवतो. चांदणीवरचा खडा एका खेळीत कोपरा धरतो आणि बाहेरही बघतो; पण त्याचं दार उघडं असतं, तिर्री-तिर्रीवर समोरचा आत शिरू शकतो. २०१६ साली अल्फागो या संगणक-प्रोग्रॅमनं ली सेडोल या कोरियन खेळाडूला ४-१ असं हरवलं, त्यानंतरच्या काळात तर हे शिरणं डावाच्या अगदी सुरुवातीलाच होऊ लागलं. तिर्री-चौकीवरचा खडा कोपऱ्याकडे जास्त झुकलेला. त्याला बांधायला दुसरा खडा लागतो. घोड्याच्या अडीच घरांवर, पलीकडच्या काठाच्या तिसऱ्या रेघेवर ठेवला की कोपरा चांगला बांधला जातो. समोरचाही बहुधा त्याच जागी भिडायला टपलेला असतो, म्हणून ती खेळी मोठी. तिर्री-तिर्रीवर पहिलाच खडा ठेवला तर कोपरा नक्की तुमचा, पण खडा खाली राहतो, मध्याकडे पोच कमी. पंजी-तिर्री नि पंजी-चौकी बाहेरच्या बाजूला वजन टाकणाऱ्या, त्या सध्या बाजूला ठेवा. नवख्यानं दोन कोपरे चांदणीवर धरावेत असं मी म्हणेन. लक्षात ठेवायला कमी, आणि चुकलं तरी कुठं चुकलं ते दिसतं. पहिला खडा काळ्याचा. तो आपल्या उजव्या हाताच्या, समोरच्या कोपऱ्यात ठेवायचा हा जपानी रिवाज आहे. पोरांना तोही लावून द्या.

राहिली जोसेकी. कोपऱ्यात दोघांचंही नुकसान होत नाही अशा, वर्षानुवर्षं खेळून घासून निघालेल्या खेळ्यांची मालिका ती जोसेकी. शब्दशः ‘ठरलेले दगड’. म्हणून ‘ठरीव खेळ्या’ म्हणता येईल, पण त्यात पाठांतराचा वास येतो. मला ‘वहिवाट’ सुचते. आपल्याकडे बांधावरून जाणारी वहिवाटीची वाट असते, कुणी कागदावर आखलेली नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या वापरून कायम झालेली. आणि सीमाभागात या शब्दाला दुसरंही अंग आहे. तोच कन्नडात गेला आणि ‘वहिवाटु’ झाला, पण तिथं त्याचा अर्थ व्यवहार, उलाढाल; कन्नड वर्तमानपत्रांत बाजाराच्या बातमीत तो रोज दिसतो. जोसेकीत दोन्ही अर्थ बसतात. वापरानं पक्की झालेली वाट तर ती आहेच, आणि सौदाही आहे : एकानं कोपऱ्यातली घरं घ्यायची, दुसऱ्यानं बाहेरची खड्यांची भिंत. एकालाच दोन्ही मिळाली तर ती वहिवाट नव्हे, अतिक्रमण. पुण्यामुंबईच्या वाचकाला यातला निम्मा अर्थच लागेल, पण शब्द पहिल्यांदा तुमच्या गल्लीत चालायचा आहे.

वहिवाट पाठ करण्याच्या मात्र मागे लागू देऊ नका. जोसेकी शिकला आणि दोन खड्यांनी कच्चा झाला, अशा अर्थाची म्हण जपानी खेळाडूंतच आहे. कोपऱ्यात बरोबर खेळून बाहेरची भिंत जिकडे तोंड करते तिकडे समोरच्याचेच खडे असतील, तर त्या भिंतीचा उपयोग काय?

मूळ शब्दच ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा. तो ईकारान्त आहे, म्हणून स्त्रीलिंगी चालवा : ती जोसेकी, त्या जोसेक्या, जोसेकीत. पूर्ण पटावरच्या सुरुवातीला फुसेकी म्हणतात, तिलाही हाच नियम. खेळाचं नाव ‘गो’ पुल्लिंगी ठेवा, ‘गोचा पट’, ‘गोचा डाव’. ‘गोपट’ असा समास करू नका, लोक गाईचं चित्र शोधतील.