पाठीमागे बसलेल्यांचा हिशेब

चिरंजिवास अनेक आशीर्वाद.

हवाई दलातील तुझी शॉर्ट सर्व्हिस कमिशनची मुदत संपत आली आहे आणि विमान कंपनीत न जाता दोन मित्रांसह तेलक्षेत्राला यंत्रसामग्री पुरवणारा व्यवसाय सुरू करण्याचा तुझा विचार आहे, हे पत्रावरून कळले. तुझ्या सासऱ्यांनी भांडवल देऊ केल्याचेही वाचले. त्याच पत्रात तू अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांचा दाखला दिला आहेस. ज्याने मृत्यू जवळून पाहिला त्याला तोट्याचे भय उरत नाही, म्हणूनच हा युद्धातला वैमानिक तेलाच्या धंद्यात यशस्वी झाला, असे तुझे म्हणणे आहे. माझी सारी नोकरी तेलक्षेत्रात गेली असल्यामुळे या गृहस्थांचे अध्यक्षपदापूर्वीचे आयुष्य मी आवडीने आणि बारकाईने वाचले आहे. तू त्यातून काढलेला अर्थ मला मान्य नाही, आणि तुझा निर्णय त्यावर उभा राहणार असल्याने त्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

१२ जून १९४२ रोजी, अठराव्या वाढदिवशीच, बुश नौदलात भरती झाले आणि एकोणिसावे वर्ष पूर्ण होण्यास तीन दिवस असताना त्यांना वैमानिक म्हणून कमिशन मिळाले. ‘सॅन जासिंटो’ या विमानवाहू नौकेवरून ते ॲव्हेंजर जातीचे टॉर्पेडो बॉम्बर चालवीत. तू स्वतः वैमानिक आहेस, तेव्हा या विमानाच्या रचनेकडे लक्ष दे. पुढे वैमानिक, त्याच्या मागे वरच्या फिरत्या बुरुजात मशीनगन चालवणारा आणि खाली विमानाच्या पोटात रेडिओ सांभाळणारा, असे तिघे त्यात बसत. वैमानिकाला ते दोघे दिसत नसत, त्यांच्याशी बोलणे इंटरकॉमवरूनच होई. २ सप्टेंबर १९४४ रोजी, टोकियोच्या दक्षिणेस सुमारे हजार किलोमीटरवर असलेल्या चिचीजिमा बेटावरील रेडिओ केंद्रावर हल्ला करताना त्यांच्या विमानावर विमानवेधी तोफांचा मारा बसला. विमानाने पेट घेतलेला असतानाही त्यांनी बॉम्ब लक्ष्यावर टाकले, विमान समुद्राकडे वळवले, मागच्या दोघांना उडी घेण्यास सांगितले आणि मग स्वतः उडी घेतली. रबरी तराफ्यावर हातांनी पाणी मारत ते बेटापासून दूर राहण्याची धडपड करत होते, कारण त्या बेटावर पकडलेल्या अमेरिकी वैमानिकांना ठार मारले जात होते. काही तासांनी ‘फिनबॅक’ ही अमेरिकी पाणबुडी वर आली आणि तिने त्यांना वाचवले.

जॉन डिलेनी आणि विल्यम व्हाइट हे त्यांचे दोघे सहकारी मात्र परतले नाहीत. व्हाइट त्या विमानातले नेहमीचे गनर नव्हते. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून बरोबर येण्याची इच्छा व्यक्त केली आणि त्यांना जागा देण्यात आली. बुश तेव्हा वीस वर्षांचे होते. युद्धात त्यांनी ५८ मोहिमांवर उड्डाण केले, शौर्यपदकही मिळवले, परंतु त्या दोघांसाठी आपण आणखी काही करू शकलो असतो का, हा प्रश्न त्यांना म्हातारपणापर्यंत छळत राहिला आणि तो त्यांनी उघडपणे बोलून दाखवला. भय मेलेल्या माणसाला असा प्रश्न पडत नाही. आपल्या हातातल्या दांड्यावर दिसत नसलेल्या माणसांचा जीव अवलंबून असतो, ही जाणीव ते त्या समुद्रातून बरोबर घेऊन आले, आणि पुढच्या आयुष्यात त्यांना उपयोगी पडली ती हीच जाणीव, असे माझे मत आहे.

६ जानेवारी १९४५ रोजी त्यांनी बार्बरा पिअर्स यांच्याशी विवाह केला, येल विद्यापीठातून १९४८ मध्ये पदवी घेतली आणि पश्चिम टेक्सासमधील ओडेसा गाठले. तिथे तेलक्षेत्राची यंत्रे विकणाऱ्या कंपनीत त्यांनी अगदी खालच्या पायरीवर सुरुवात केली. गोदाम झाडणे, यंत्रांच्या नोंदी ठेवणे, विहिरींवरचे पंप रंगवणे अशी कामे त्यांनी केली. ही नोकरी वडिलांच्या मित्रामुळे मिळाली होती, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही; पण ओळखीने मिळालेल्या नोकरीतही त्यांनी गोदामापासून काम शिकून घेतले. पुढे त्याच उद्योगसमूहाने त्यांना कॅलिफोर्नियात पाठवले आणि ते गावोगाव फिरून ड्रिलिंगचे बिट, म्हणजे विहीर खोदताना खडक फोडणारी टोके, विकू लागले. या काळात बिऱ्हाड सतत हलत राहिले, आणि त्याचा भार बार्बरा यांनी उचलला. तिथे असतानाच बार्बरा यांच्या आईचा मोटार अपघातात मृत्यू झाला. दुसऱ्या अपत्याच्या वेळी गरोदर असल्यामुळे त्यांना अंत्यविधीलाही जाता आले नाही. यशस्वी माणसाच्या चरित्रात असे प्रसंग एका ओळीत उरकले जातात, पण तुला मात्र त्या ओळीवर थांबण्याची गरज आहे.

१९५० मध्ये हे कुटुंब टेक्सासमधील मिडलंडला आले आणि बुश यांनी जॉन ओव्हरबी या शेजाऱ्याबरोबर स्वतःची कंपनी काढली. टेक्सासमध्ये जमिनीखालच्या खनिजाचा हक्क खासगी मालकाचा असू शकतो, त्यामुळे शेतमालकांकडून तो हक्क किंवा रॉयल्टीतला (तेलाच्या उत्पन्नातून मालकाला मिळणाऱ्या हिश्शातला) वाटा विकत घ्यायचा, मग मोठ्या कंपन्यांनी तिथे विहीर खोदली की उत्पन्नात वाटेकरी व्हायचे, असा हा धंदा होता. आपल्याकडे भूगर्भातल्या तेलावर सरकारचा हक्क असल्याने हा मार्ग तुझ्यासाठी बंद आहे. म्हणून त्यांच्या नफ्याच्या गोष्टी वाचून तुझे आकडे मांडू नकोस. भांडवलाची व्यवस्था त्यांचे मामा हर्बर्ट वॉकर यांनी पूर्वेकडील गुंतवणूकदारांकडून केली. १९५३ मध्ये ह्यू आणि बिल लिडके या बंधूंबरोबर त्यांनी झापाटा पेट्रोलियम ही कंपनी स्थापन केली, तेव्हा दोन्ही बाजूंनी मिळून दहा लाख डॉलर उभे केले, आणि त्यातला मोठा भाग वेस्ट जेम्सन या एकाच क्षेत्रावर लावला. तिथल्या काही दूरदूरच्या विहिरी खाली एकाच साठ्याला जोडलेल्या आहेत, असा ह्यू लिडके यांचा अंदाज होता. तो खरा ठरला, आणि शंभराहून अधिक विहिरी खोदूनही एकही कोरडी निघाली नाही. जाणकारीइतकाच यात नशिबाचाही हात होता. अंदाज चुकला असता, तर बुडाली असती ती मुख्यतः दुसऱ्यांची पुंजी, आणि मामांना आपल्या परिचितांसमोर मान खाली घालावी लागली असती.

याच १९५३ सालाच्या आरंभी, धाकटा मुलगा जेब याच्या जन्मानंतर काही आठवड्यांतच, त्यांची तीन वर्षांची मुलगी रॉबिन हिला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, असल्याचे निदान झाले. मिडलंडमधील डॉक्टरांनी आशा नसल्याचे स्पष्ट सांगितले, तरीही आईवडिलांनी तिला न्यूयॉर्कच्या रुग्णालयात नेले. त्या काळी या आजारावर बरे करणारा उपाय नव्हता. बार्बरा मुलीजवळ राहिल्या आणि बुश नव्या कंपनीचे काम व न्यूयॉर्क यांच्यामध्ये ये-जा करत राहिले. ११ ऑक्टोबर १९५३ रोजी रॉबिन गेली. कंपनीच्या उभारणीचे आणि मुलीच्या मरणाचे वर्ष एकच होते, हे तू लक्षात ठेवावेस अशी माझी इच्छा आहे. त्या दिवसांत हे घर सावरले ते भागीदारांमुळे, शेजाऱ्यांमुळे आणि एकमेकांना न सोडणाऱ्या नवरा-बायकोमुळे. बार्बरा पूर्ण खचल्या होत्या. पुढे त्यांनी लिहिले आहे की पतीने त्यांना दुःखात एकटे पडू दिले नाही. २०१८ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने दोघेही गेले, आणि त्यांना रॉबिनच्या शेजारीच दफन करण्यात आले.

समुद्रातल्या तेलविहिरी खोदण्यासाठी १९५४ मध्ये स्थापन झालेली झापाटा ऑफशोअर ही कंपनी हा माझा विशेष आवडीचा विषय आहे, कारण तो माझ्या कामाचा होता. आर. जी. लेटर्नो या कल्पक यंत्रनिर्मात्याने पाय समुद्रतळावर टेकवून धड लाटांच्या वर उचलणाऱ्या रिगची, म्हणजे विहीर खोदणाऱ्या मंचाची, कल्पना मांडली होती आणि मोठ्या कंपन्या तिला हात लावत नव्हत्या. लेटर्नो यांनी चार लाख डॉलरची आगाऊ रक्कम मागितली आणि रिग चालला नाही तर ती परत करण्याचे मान्य केले. बुश यांच्या कंपनीने हा करार केला आणि १९५६ मध्ये ‘स्कॉर्पियन’ हा रिग तिच्या ताब्यात आला. १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रातील मुंबई हायचे तेल ज्याच्यामुळे सापडले, तो जपानमध्ये बांधलेला आपला ‘सागर सम्राट’ही याच जॅक-अप जातीचा. या करारातले शहाणपण पाहा: धाडस मोठे होते, पण फसल्यास किती गमवायचे हे आधीच कागदावर ठरलेले होते. १९५९ मध्ये लिडके बंधूंपासून वेगळे होताना त्यांनी समुद्रातला व्यवसाय स्वतःकडे घेतला आणि कुटुंबासह ह्यूस्टनला गेले. ती फारकतही सलोख्याने झाली. १९६५ मध्ये बेट्सी चक्रीवादळाने ‘मॅव्हरिक’ हा त्यांचा नवा रिग गिळला. ते स्वतः छोट्या विमानातून मेक्सिकोच्या आखातावर त्याला शोधत फिरले, पण त्याचा मागमूस लागला नाही. रिगचा विमा होता म्हणून कंपनी तगली.

आता तुझ्याविषयी. तू व्यवसाय करू नयेस असे मी म्हणत नाही; तुझ्यात ती कुवत आहे, हे मी मनापासून मानतो. मात्र भागीदारीच्या करारावर सही करण्यापूर्वी एखाद्या पुरवठादार कंपनीत वर्षभर काम कर, आणि ते कार्यालयात न करता गोदामात व विहिरीवर कर. सासऱ्यांचे पैसे घेणार असशील, तर ही त्यांच्या निवृत्तीची पुंजी आहे की जास्तीची बचत, हे त्यांना समोर बसवून विचार, आणि किती रक्कम बुडेपर्यंत धंदा चालवायचा व कुठे थांबायचे हा आकडा त्यांच्या संमतीने लिहून ठेव. मित्रांबरोबरच्या करारात वेगळे होण्याची कलमे आजच, प्रेम असतानाच घाल. तुझ्या पत्रात सौ.चा उल्लेख एकदाच आला आहे, तोही तिची हरकत नाही एवढाच. तिची नोकरी, लेकीची शाळा, पहिली दोन-तीन वर्षे घरात येणारा पैसा आणि तू साइटवर असताना घरी आजारपण आले तर कोण धावून येईल, याबद्दल तिचे स्वतःचे म्हणणे काय आहे, हे मला तिच्याच शब्दांत वाचायचे आहे. तिने वेगळे पत्र लिहिले तर फारच उत्तम.

भांडवल, खर्च आणि थांबण्याचा आकडा यांची मांडणी तयार झाली की दोन्ही पत्रे एकत्रच पाठव. आकडे मी ओळीने तपासून कळवीन.

सौ. व चिमुकलीस आशीर्वाद, आईबाबांना नमस्कार.

तुझा,
काका