घरच्या वाय-फायवर कुठला कॉम्प्युटर किती डेटा खातो, हे कसं कळेल?

कनेक्शन एक, कॉम्प्युटर चार आणि महिना सरायच्या आत डेटा संपतोय, तर हिशोब राउटरवरच ठेवायला हवा, कारण सगळं तिथूनच जातं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका (नेमका पत्ता बहुधा राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो), लॉगिन करा आणि ‘ट्रॅफिक’ किंवा ‘स्टॅटिस्टिक्स’ असं काही दिसतंय का बघा. कनेक्शनसोबत फुकट मिळालेल्या राउटरमध्ये बऱ्याचदा नुसती जोडलेल्या उपकरणांची यादी असते, आकडे नाहीत. राउटरवर ओपन-डब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकता येणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम) चालत असेल तर ‘एनएलबीडब्ल्यूमॉन’ हे पॅकेज टाका. प्रत्येक मशीनचं डाउनलोड-अपलोड वेगवेगळं दिसतं.

एवढी खटपट नको? मग प्रत्येक विंडोज मशीनवर सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, तिथे ‘डेटा युसेज’ (विंडोज ११ मध्ये ते ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’च्या आत असतं). गेल्या ३० दिवसांचा ॲपनिहाय आकडा मिळतो. फक्त घरातल्या घरात एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल पाठवली असेल तर तीही यात धरली जाते, त्यामुळे बेरीज बिलाशी तंतोतंत जुळणार नाही.

आणि अपलोडकडे दुर्लक्ष करू नका. आमच्याकडे सगळा संशय धाकट्याच्या गेमवर होता, दोन दिवस बिचाऱ्याने बोलणी खाल्ली. निघालं काय, तर बाबांच्या लॅपटॉपवर लग्नाच्या व्हिडिओंचा फोल्डर क्लाउडवर चढत होता. झाकण मिटलं की अर्ध्यात तुटायचा आणि दुसऱ्या दिवशी तीच फाइल पुन्हा पहिल्यापासून.