आई-बाबा येतायत म्हणून ट्रेलर घेऊ का?

नमस्कार, तुमचा ईमेल दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. हे चौघांचं कुटुंब शिकागोजवळ ऑरोराला भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहतं, मुलं ९ आणि ५ वर्षांची, नवरा एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-फोर म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, तिला अजून कामाची परवानगी नाही म्हणून पगार एकच, आणि मे महिन्यात नाशिकहून आई-बाबा येतायत ते ऑक्टोबरपर्यंत राहणार. मागच्या वेळी ते आले तेव्हा सहा महिने घरातच बसून होते, बाबा खिडकीतून पार्किंग बघत बसायचे, हे तुम्ही लिहिलंय आणि ते वाचून मलाही वाईट वाटलं. म्हणून यंदा ३२,००० डॉलरचा नवा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, घ्यायचा, ४,००० डाउन आणि २८,००० चं लोन १२ वर्षांसाठी ९ टक्क्यांनी, आणि दर वीकेंडला विस्कॉन्सिन-इंडियानाच्या स्टेट पार्कांत जायचं, असा बेत आहे.

माझं उत्तर: फिरायचं नक्की, पण ट्रेलर यंदा नको. इच्छा चुकीची आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, फक्त ती पुरी करायचा रस्ता महाग आणि तुमच्या परिस्थितीत धोक्याचा आहे.

हप्ता बसतो महिन्याला साधारण ३१९ डॉलर. ऐकायला फार वाटत नाही, पण १२ वर्षांत होतात जवळपास ४५,९०० म्हणजे सुमारे १७,९०० नुसतं व्याज. आणि यातली खरी अडचण अशी की तीन वर्षं न चुकता हप्ते भरलेत, ११,४०० च्या वर पैसे दिलेत, तरी लोन अजून २३,५०० शिल्लक असतं, आणि तोवर ट्रेलर मात्र जुना झालेला असतो, त्याला तेवढे पैसे येतील याची काहीच खात्री नाही. एच-वन-बी वर नोकरी गेली तर नवी शोधायला आपल्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आता समजा हे जानेवारीत झालं, बाहेर उणे १५, ट्रेलर स्टोरेजमध्ये बर्फाखाली, आणि तुम्ही दोन महिन्यांत नवा एम्प्लॉयर पण शोधताय आणि ट्रेलरला गिऱ्हाईक पण शोधताय आणि वर लोन फेडायला खिशातून पैसे घालताय. तुमची बचत २४,००० आहे, महिन्याचा खर्च ५,२००, म्हणजे साडेचार महिने निघतात. डाउन पेमेंट गेलं आणि हप्ता, स्टोरेज वगैरे खर्चात आलं की तेच साडेतीन महिन्यांवर येतं. एका पगाराच्या घरात मी हे होऊ देणार नाही.

गाडीचा मुद्दा तुमच्या ईमेलमध्ये कुठेच नाही म्हणून विचारतो, ओढणार कशाने? तुमच्याकडे मिनीव्हॅन आहे. बहुतेक मिनीव्हॅनची ओढायची मर्यादा ३,५०० पौंड असते, आणि सहा जण झोपतील असा बंक बेडवाला ट्रेलर रिकामाच बऱ्याचदा ४,००० च्या पुढे जातो, त्यात पाणी, गॅस, आपले डबे-भांडी वेगळी. म्हणजे ट्रेलरच्या मागोमाग मोठी गाडी आलीच. डीलर हे आपणहून सांगतोच असं नाही. त्याने तुम्हाला व्याज टॅक्समधून वजा होतं असं सांगितलंय ते नियम म्हणून खरं आहे, झोपायची, स्वयंपाकाची आणि टॉयलेटची सोय असली की ट्रेलर सेकंड होम धरता येतो, पण त्यासाठी आयटमाइझ करावं लागतं, म्हणजे एकेक वजावट वेगळी दाखवावी लागते. नवरा-बायकोच्या जॉइंट रिटर्नला २०२५ चं स्टँडर्ड डिडक्शनच, म्हणजे सगळ्यांना सरसकट मिळणारी वजावट, ३१,५०० होतं, तुम्ही भाड्याने राहता म्हणजे घराचं मॉर्गेज नाही, तर तुम्हाला त्याचा फायदा शून्य.

आता रात्री मोजूया, कारण सगळा निर्णय तिथेच होतो. दर वीकेंड असं आपण सगळेच म्हणतो. मेमोरियल डे (मेचा शेवटचा सोमवार) ते ऑक्टोबरचा मध्य म्हणजे वीसेक वीकेंड, त्यातून पोहण्याचे क्लास, वाढदिवस, मराठी शाळा, गणपती, पावसाचे दोन-चार आणि बाबांना नको वाटेल ते काढा, माझ्या अंदाजाने उरतात सहा-सात, वर एक मोठी सुट्टी धरून १८ रात्री. हप्त्याचे वर्षाचे ३,८२८, स्टोरेज महिन्याला ९० धरलं तर १,०८०, इन्शुरन्स ४००, टायर-दुरुस्ती आणि थंडीआधी पाइपांतलं पाणी काढून अँटीफ्रीझ भरणं वगैरे ६००, वीज असलेली साइट म्हणजे पार्कात ट्रेलर लावायची जागा रात्रीला ३५ प्रमाणे ६३०, जादा पेट्रोल ३००. झाले ६,८०० च्या आसपास, म्हणजे रात्रीला ३८० डॉलर, आणि यात मोठ्या गाडीचा एक पैसा धरलेला नाही. त्याच १८ रात्रींपैकी १० साध्या कॅम्पर केबिनमध्ये ९० ने आणि ८ किचन-बाथरूमवाल्या केबिनमध्ये किंवा लॉजमध्ये २२० ने काढल्या तरी २,६६०. आकडे माझे ढोबळ आहेत, पार्क आणि तारखेप्रमाणे बदलतील, पण फरक एवढा मोठा आहे की थोडं इकडेतिकडे झाल्याने निकाल बदलत नाही.

केबिन घेताना मात्र एक गोष्ट नीट बघा. कॅम्पर केबिन म्हणजे बहुतेक ठिकाणी चार भिंती, बंक बेड, लाइट आणि कधी हीटर. बाथरूम बाहेर, चालत जायचं. आईंचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय, रात्री दोनदा उठून अंधारात जायचं त्यांना जमणार नाही आणि त्या बिचाऱ्या सांगणारही नाहीत, पाणी प्यायचंच कमी करतील. म्हणून मला तुमच्यासाठी इंडियाना सगळ्यात बरं वाटतं. टर्की रन, ब्राउन काउंटी, पोकॅगन, या तिन्ही पार्कांत इन म्हणजे पार्कातलंच हॉटेल पण आहे आणि कॅम्पग्राउंड पण. आई-बाबांना इनमध्ये रूम घ्या, एसी, लिफ्ट, कमोड सगळं आहे का ते फोन करून विचारा, आणि तुम्ही मुलांना घेऊन त्याच पार्कात तंबूत राहा. मुलांना तंबूच हवा असतो हो, ट्रेलर नाही! सकाळी सगळ्यांनी एकत्र पिकनिक टेबलवर दोन बर्नरच्या शेगडीवर पोहे करा, संध्याकाळी निखाऱ्यात वांगं भाजून भरीत. टर्की रनला शुगर क्रीकवरच्या झुलत्या पुलापर्यंत जायचं की नाही ते पायऱ्या बघून आई-बाबांना ठरवू दे, पण पलीकडची तीन नंबरची ट्रेल शिड्यांची आहे, ती तुम्ही आणि मोठा मुलगाच करा.

पहिली ट्रिप मात्र जवळ काढा, स्टार्व्ड रॉक तुमच्यापासून तासाभरावर आहे, इलिनॉयच्या स्टेट पार्कांत गाडीला प्रवेश फी नसते आणि तिथला १९३० च्या दशकातला लाकडी लॉज बाबांना बघायला आवडेल. विस्कॉन्सिनचं डेव्हिल्स लेक सुंदर आहे, पण तिथे ११ महिने आधी बुकिंग उघडतं, उन्हाळ्यातले वीकेंड आता फेब्रुवारीत बहुतेक गेलेले असणार, मधल्या वारांना बघा, आजी-आजोबांना शनिवार काय आणि मंगळवार काय, आणि मुलांना सुट्टीच असते. घरून लाकडं नेऊ नका, किडीमुळे विस्कॉन्सिनच्या पार्कांत १० मैलांच्या आतलं किंवा सर्टिफाइड लाकूडच चालतं. नॅशनल पार्कचा वार्षिक पास स्टेट पार्कात चालत नाही, तो यासाठी घेऊ नका.

पैसे असे लावा. त्या ४,००० मधून आधी आई-बाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स, बाबांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे तर प्री-एक्झिस्टिंग म्हणजे आधीपासूनच्या आजारांबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचून. उरतील त्यात चांगला तंबू, शेगडी, आणि बुकिंग. हप्त्याचे ३१९ दर महिन्याला वेगळ्या सेव्हिंग अकाउंटला टाका, जणू ट्रेलर घेतलाच आहे, ट्रिपचा बाकीचा खर्च त्यातूनच करा. ट्रेलरची हौस फारच असेल तर तीन रात्रींसाठी भाड्याने घ्या, काही मालक स्वतः साइटवर आणून लावून देतात म्हणजे ओढायची भानगड नाही, आणि सहा माणसांत ते टॉयलेट आणि त्याची मैल्याची टाकी रिकामी करणं तुम्हाला झेपतंय का तेही कळेल.

ऑक्टोबरमध्ये मला परत लिहा, खऱ्या किती रात्री झाल्या ते सांगा. ३० च्या वर गेल्या असतील, सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल आणि मिसेसना कामाची परवानगी मिळून दुसरा पगार सुरू झाला असेल तर आपण वापरलेला, हलका, रोखीने येणारा ट्रेलर बघू. तोवर, इंडियानाच्या कॅम्पसाइट सहा महिने आधी उघडतात, म्हणजे ऑगस्टच्या तारखा आत्ताच एकेक करून येतायत. आज रात्री बायकोला विचारून दोन तारखा ठरवा आणि आधी इनची रूम बघा, मग साइट.