'आमच्या ह्यांना कळेल का हो, मॅडम?'

इथे बोललेलं घरी कळेल का, हा प्रश्न समुपदेशनाला येणारे बहुतेक जण विचारतात. काही जण नुसते दाराकडे बघत राहतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विडी कामगार बाईंची ही हकिकत त्यांच्या परवानगीने, ओळख लागणार नाही इतके बदल करून सांगते.

'झोप लागत नाही,' एवढंच त्या सांगत होत्या. पदराचं टोक बोटांत विडीसारखं वळायचं, सोडायचं, पुन्हा वळायचं. मग एकदम म्हणाल्या, "आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात आहेत. तिथं एकाला कळलं की आख्ख्या गल्लीला कळतंय."

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या कलम २३ने तुमची माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक केलंय, फी कुणीही भरो, असं मी सांगितलं. पण अर्धंच सांगून विश्वास मिळवणं मला पटत नाही. म्हणून पुढचंही सांगितलं. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मला बोलावं लागेल. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याखाली कळवणं भाग आहे. आणि कोर्टाने आदेश दिला तर गप्प राहण्याचं वकिलाला जे संरक्षण आहे ते डॉक्टरला नाही, मलाही नाही.

बराच वेळ त्या गप्प होत्या.

"मग जिवाचं बरंवाईट करावं वाटतंय म्हटलं, तर पोलिसात देणार?"

"नाही हो." विचार येणं गुन्हा नाहीच. प्रयत्न केलेला माणूससुद्धा, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होता असं त्याच कायद्याचं कलम ११५ धरून चालतं आणि त्याच्यावर खटला भरू देत नाही. "पण आज एकटं सोडणार नाही. कुणाला सांगू, ते तुम्ही ठरवा."

कुंभारीच्या घरकुलात राहणाऱ्या बहिणीला फोन त्यांच्यासमोरच लावला, स्पीकरवर. जिवाचा विचार येतोय, रात्री सोबत हवी, एवढंच मी बोलले. बहिणीने खोदून विचारलं तरी कारण सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्या. तिथे साध्या कागदावर सही करून बाईंनी बहिणीला आपली नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत साथ देणारी व्यक्ती, नेमलं. नवराच असला पाहिजे असं कायद्यात कुठेही नाही.

पुढे नवऱ्याचा फोन आलाच. "बायको माझी, मला कळायला नको?"

"मग त्यांनाच विचारा. इथे कोण येतं, कोण नाही, हेही मी फोनवर सांगत नाही."

त्यांनी फोन आपटला. पण पुढच्या वेळी बाहेरच्या बाकावर येऊन बसले होते. बाई म्हणाल्या, "बोलवा आत. गोळ्या वेळेवर द्यायचं सांगा, बाकीचं राहू द्या."

तेवढंच सांगितलं.