रॅलीला जाऊ का?

प्रश्न: काका, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, राजारामपुरीत राहतो. कॉलेजच्या एनएसएसमधून (राष्ट्रीय सेवा योजना) पंचगंगा घाटावर निर्माल्य गोळा करायला जातो. आता एका इच्छुक उमेदवाराचं बाईक रॅलीला बोलावणं आलंय. पेट्रोल, मिसळ त्यांच्याकडं. बाबा म्हणतात, राजकारणात पडू नकोस. काय करू?

उत्तर: जा की! पण पेट्रोल स्वतःचं घाल. टाकी दुसऱ्यानं भरली की गाडी तो म्हणेल तिकडंच वळते. सायलेन्सर काढून बोंबलत फिरण्यापेक्षा घरोघरी पत्रकं वाटायचं काम मागून घे. कुठल्या गल्लीत पाणी पहाटे चारला येतं, कुणाच्या दारातलं गटार तुंबलंय, हे उंबऱ्यापाशी उभं राहिल्यावरच कळतं. (मिसळ खा, त्यात काय एवढं!) मतदानादिवशी मात्र केंद्रापासून 100 मीटरच्या आत प्रचार चालत नाही, चिन्हाचा टी-शर्टसुद्धा नको, उत्साही पोरं नेमकी इथंच अडकतात. एनएसएसचे वर्षाचे 120 तास वेगळे ठेव, तो बिल्ला लावून पक्षाच्या कामाला जायचं नाही. बाबांना एकदा कोपरा सभेला घेऊन जा. आणि काय रे, तुझं स्वतःचं नाव मतदार यादीत आहे का? नसेल तर आधी फॉर्म 6 भर, मोबाईलवरूनही भरता येतो.