डेथस्टारबेंच (मायक्रोसर्व्हिस ॲप्सचा बेंचमार्क) कुबरनेटीसवर (कंटेनर चालवणारी प्रणाली) चढवलं, लोड दिला की पी९९ लेटन्सी (९९ टक्के विनंत्या जेवढ्या वेळात पुऱ्या होतात तो वेळ) एकदम वर उडते पण सीपीयू निम्माच दिसतो, असं का?

बहुतेक वेळा सीपीयू लिमिट, म्हणजे सीपीयू वापरावर घातलेली कमाल मर्यादा, नडतं. एखाद्या पॉडला (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट) २०० मिलीकोर, म्हणजे एका कोरचा पाचवा हिस्सा, दिलेत म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत २० मिलिसेकंदच मिळतात, ती संपली की पॉड पुढच्या पाळीपर्यंत नुसता थांबून राहतो, आणि मिनिटाच्या सरासरीत हे दिसतच नाही हो, म्हणून ग्राफवर जाऊ नका, सीपीयू डॉट स्टॅट (cpu.stat) फाइल उघडून एनआर थ्रॉटल्डचा (nr_throttled, असं किती वेळा थांबावं लागलं) आकडा वाढतोय का ते बघा. वाढत असेल तर लिमिट काढा, रिक्वेस्ट (पॉडसाठी राखून ठेवलेला सीपीयू) ठेवा.

अजून एक, डेथस्टारबेंचमधलं सोशल नेटवर्कवालं ॲप असेल तर आधी सोशल ग्राफ (कोण कोणाला फॉलो करतं याचा डेटा) भरायची स्क्रिप्ट चालवलीत ना? आणि लोड डब्ल्यूआरके२ (wrk2, ठरलेल्या वेगाने विनंत्या पाठवणारं साधन) नेच द्या, वेगळ्या नोडवरून (मशीनवरून), साधं डब्ल्यूआरके उत्तराची वाट बघत बसतं त्यामुळे सर्व्हर अडला की लोडच कमी होतो.